चुकीच्या नावाने वावरलेली बुरशी

टोकियोच्या महानगर वृद्ध रुग्णालयात दाखल असलेल्या सत्तर वर्षांच्या एका बाईंच्या कानातून स्वॅब घेतला गेला आणि कल्चरला लावला गेला. प्लेटवर यीस्ट उगवलं. यीस्ट म्हणजे एकपेशी बुरशी. कानाची बाहेरची नळी उबदार, दमट आणि अंधारी असल्यामुळे तिथे अशी बुरशी सापडणं रोजचंच. जगातल्या बहुतेक प्रयोगशाळांत अशा नमुन्याच्या रिपोर्टवर ‘कॅन्डिडाची वाढ’ एवढंच लिहिलं जातं, डॉक्टर थेंब लिहून देतात आणि प्लेट निर्जंतुक होऊन कचऱ्यात जाते.

ही प्लेट मात्र गेली नाही. तेइक्यो विद्यापीठाच्या वैद्यकीय बुरशीशास्त्र संस्थेत काझुओ सातो, कोइची माकिमुरा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘ही कॅन्डिडा नेमकी कोणती?’ हा प्रश्न सोडला नाही. प्रत्येक सजीवाच्या पेशीत रायबोसोम असतात आणि त्यांची घडण ठरवणाऱ्या डीएनएचे काही तुकडे प्रजातीगणिक थोडे बदलतात. हे तुकडे वाचून ज्ञात प्रजातींच्या तुकड्यांशी ताडून पाहिले, की बुरशीचं घराणं कळतं. या बुरशीचे तुकडे कुणाशीच जुळेनात. सगळ्यांत जवळची होती कॅन्डिडा हीम्युलोनी, पण तिच्यात आणि हिच्यात एकच प्रजाती म्हणता येणार नाही इतकं अंतर होतं. आणखी एक गोष्ट नोंदवण्याजोगी होती. ही बुरशी ४० अंश सेल्सियसला चांगली वाढत होती आणि ४२ अंशांनाही, मंदपणे का होईना, तग धरत होती.

तापमानाचा हा मुद्दा साधा नाही. पृथ्वीवर बुरशीच्या लाखो जाती आहेत, पण माणसाला आजारी पाडणाऱ्या फार थोड्या. त्याचं एक मोठं कारण म्हणजे आपल्या शरीराची ऊब. जमिनीत, झाडांच्या सालींवर, कुजलेल्या पानांत राहणाऱ्या बहुतेक बुरशींना ३७ अंश सोसवत नाहीत. जी बुरशी सणसणीत तापातल्या माणसाच्या अंगातही वाढू शकते, तिच्यासमोर आपला हा पहारा कामाचा नाही.

२००९ मध्ये ‘मायक्रोबायॉलॉजी अँड इम्युनॉलॉजी’ या नियतकालिकात चार पानांचा निबंध आला आणि नव्या प्रजातीचं नाव जाहीर झालं: कॅन्डिडा ऑरिस. ऑरिस म्हणजे लॅटिनमध्ये कान. एक रुग्ण, एक नमुना, एक नाव. बुरशीशास्त्राच्या बाहेर त्याकडे कुणाचं लक्ष जाण्याचं कारणच नव्हतं.

कानातल्या बुरशीकडे आपण असेच पाहतो, आणि धडधाकट माणसाच्या बाबतीत ते चुकीचंही नाही. कोकणपट्टीतल्या पावसाळ्यात कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे हा आजार रोज येतो. कानात खाज सुटते, दडे बसतात, पाणी येतं. दुर्बिणीतून पाहिलं तर नळीत ओल्या वर्तमानपत्राच्या लगद्यासारखा पांढुरका थर आणि त्यावर काळे ठिपके दिसतात. ते ठिपके बहुतेकदा ॲस्परजिलस नायजर नावाच्या बुरशीचे असतात. कॅन्डिडा असेल तर थर दह्यासारखा पांढरा. हेअरपिनने किंवा कापसाच्या काडीने कान कोरण्याची सवय, कोमट तेल घालण्याचा घरगुती उपाय, पोहल्यावर ओला राहिलेला कान, ही सगळी बुरशीला निमंत्रणंच. अँटिबायोटिकचे थेंब आठवडेच्या आठवडे घातले तर तेही निमंत्रणच ठरतं, कारण बुरशीला आवरून धरणारे नळीतले नेहमीचे जिवाणू त्या थेंबांनी मरतात. डॉक्टर कान साफ करतात, बुरशीनाशक थेंब देतात, आणि दोन-तीन आठवड्यांत माणूस बरा होतो.

पण हे ‘बरा होतो’ आपल्या रक्तातल्या न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशींच्या जिवावर आहे. बुरशी त्वचेखाली उतरू लागली, की या पेशी तिथे धावून जातात आणि तिला मारतात. किमोथेरपीत त्यांची संख्या कोसळते. मूत्रपिंड किंवा यकृत रोपण झालेल्यांना औषधं देऊन प्रतिकारशक्ती मुद्दाम दाबून ठेवावी लागते. खूप दिवस स्टिरॉइड घेणाऱ्यांची आणि साखर वर्षानुवर्षं आटोक्याबाहेर असलेल्यांची हीच पेशींची फौज सुस्तावते. अशा माणसाच्या कानातली बुरशी नळीत थांबेलच असं नाही. ती कूर्चेतून कवटीच्या तळाच्या हाडात उतरते. रात्री झोप उडवणारं ठणकणं सुरू होतं आणि एक दिवस चेहऱ्याची एक बाजू लुळी पडते, कारण चेहऱ्याची नस त्याच हाडातून जाते. या आजाराचं नेहमीचं कारण स्यूडोमोनास हा जिवाणू असल्याने रुग्णाला अनेकदा आठवडेच्या आठवडे अँटिबायोटिक मिळत राहतं. हाडाचा तुकडा काढून तपासला, की मग कळतं की शत्रू बुरशी होता. तोवरचा वेळ परत मिळत नाही. २०२१ मध्ये म्युकरमायकोसिसने महाराष्ट्रात काय केलं ते आपण पाहिलं. मधुमेह, स्टिरॉइड आणि बुरशी हे तिन्ही एकत्र आले, की किती थोड्या दिवसांत डोळा किंवा जीव जातो, हे कितीतरी घरांनी अनुभवलं आहे.

ऑरिस मात्र याहून वेगळ्या वाटेने माणसाच्या आत शिरणार होती.

टोकियोचा निबंध आला त्याच वर्षी दक्षिण कोरियातून दुसरा निबंध आला. तिथल्या पाच विद्यापीठ रुग्णालयांत, जुनाट कान फुटण्याचा आजार असलेल्या १५ जणांच्या कानांत एक विचित्र यीस्ट सापडलं होतं. डीएनए वाचल्यावर ते टोकियोच्या बुरशीचंच भावंड निघालं. तेही कानातलंच. म्हणजे ती एका बाईपुरती नव्हती.

मग कोरियन संशोधकांनी पुढचं पाऊल टाकलं, आणि या शोधातलं मला सगळ्यांत अस्वस्थ करणारं पान तिथे उलगडलं. रुग्णालयांच्या फ्रीझरमध्ये जुने नमुने जपून ठेवलेले असतात. रक्तात बुरशी शिरलेल्या रुग्णांचे असे नमुने त्यांनी बाहेर काढले आणि नव्याने वाचले. २०११ मध्ये त्यांनी तीन रुग्णांची हकीकत प्रसिद्ध केली. तिघांच्या रक्तात ऑरिस होती, आणि ती हटता हटत नव्हती. १० दिवसांपासून ३३ दिवसांपर्यंत कल्चर पुन्हा पुन्हा पॉझिटिव्ह येत राहिलं. दोघांना आधी फ्लुकोनाझोल आणि मग ॲम्फोटेरिसिन ही बुरशीनाशकं दिली गेली. दोघेही दगावले. या नमुन्यांपैकी एक १९९६ चा होता, आणि तो एका वर्षाच्या बाळाच्या रक्ताचा होता. टोकियोत तिला नाव मिळण्याच्या तेरा वर्षं आधीच ही बुरशी माणसाच्या रक्तात होती. प्रयोगशाळेने ती पाहिली होती, वाढवली होती आणि जपूनही ठेवली होती. फक्त तिच्यावरचं नाव दुसऱ्याच बुरशीचं होतं.

हे घडलं कसं, हे समजून घ्यायला हवं, कारण सगळ्या हकीकतीची कळ तिथेच आहे. मोठ्या रुग्णालयांत यीस्ट ओळखण्याचं काम यंत्र करतं. एका कार्डात छोटे छोटे कप्पे असतात आणि प्रत्येकात वेगळी साखर किंवा वेगळं रसायन. यीस्ट कोणत्या कप्प्यातलं काय खातं, यावरून एक नमुनाकृती तयार होते आणि यंत्र ती आपल्या यादीतल्या आकृत्यांशी जुळवतं. ज्या प्रजातीचं नाव यादीतच नाही, तिच्यासमोर यंत्र अनेकदा सगळ्यांत जवळचं नाव छापून देतं. कोरियातल्या त्या नमुन्यांना एका पद्धतीने हीम्युलोनी म्हटलं, दुसरीने रोडोटोरुला. रिपोर्ट छापील होता, त्यावर शंका घ्यावी असं काही दिसत नव्हतं.

दिल्लीत शंका घेतली गेली. वल्लभभाई पटेल चेस्ट इन्स्टिट्यूटमध्ये डॉ. अनुराधा चौधरी यांच्या गटाकडे दिल्लीच्या दोन रुग्णालयांतून २००९ ते २०११ या काळात १२ रुग्णांचे नमुने जमा झाले. यंत्राच्या मते सगळ्या हीम्युलोनी. पण हीम्युलोनी तशी दुर्मिळ, मग ती एका शहरात इतक्या रुग्णांत कशी? डीएनए वाचल्यावर ती ऑरिस निघाली. आणि ती कानातली नव्हती, रक्तातली होती. बारा नमुने एकमेकांशी जवळजवळ तंतोतंत सारखे होते, जपान-कोरियाच्या नमुन्यांपेक्षा मात्र वेगळे. त्यातल्या एकानेही फ्लुकोनाझोलला दाद दिली नव्हती. दोन वेगळ्या रुग्णालयांत तीच बुरशी सापडते याचा अर्थ ती रुग्णाकडून रुग्णाकडे फिरते आहे. कॅन्डिडाच्या बाबतीत ही कल्पनाच धक्कादायक होती. पुस्तकांनी तोवर शिकवलं होतं की कॅन्डिडा ज्याची त्याच्या आतड्यातून येते, शेजारच्या खाटेवरून नाही.

२०१३ साली ‘इमर्जिंग इन्फेक्शस डिसीजेस’मध्ये हा निबंध छापून आला. त्याची जगात जितकी दखल घ्यायला हवी होती तितकी घेतली गेली नाही, असं मला वाटतं. चंडीगडच्या पीजीआयमधल्या डॉ. अरुणालोक चक्रवर्ती यांच्या पुढाकाराने देशभरातल्या २७ आयसीयूंत १४०० रुग्णांच्या रक्तातल्या कॅन्डिडाचा अभ्यास झाला तेव्हा चित्र आणखी गडद झालं. पाच टक्क्यांच्या आसपास नमुने ऑरिसचे होते आणि ते बहुसंख्य आयसीयूंत पसरले होते.

मग कराचीहून निरोप आला. तिथल्या आगा खान विद्यापीठ रुग्णालयात एक यीस्ट अचानक वाढू लागलं होतं आणि यंत्र त्याला चक्क सॅकरोमायसीस म्हणत होतं, पाव फुगवणारं साधं यीस्ट. नमुने अटलांटाला, अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राकडे गेले. तिथेही तेच नाव निघालं: ऑरिस. शॉन लॉकहार्ट आणि सहकाऱ्यांनी पाकिस्तान, भारत, दक्षिण आफ्रिका आणि व्हेनेझुएला इथल्या ५४ रुग्णांचे नमुने गोळा करून त्यांचे संपूर्ण जनुकसंच वाचले. हे रुग्ण २०१२ ते २०१५ या काळातले. कुणाला मधुमेह, कुणाची नुकती शस्त्रक्रिया झालेली, आणि जवळजवळ तीन चतुर्थांश जणांच्या मोठ्या शिरेत सेंट्रल लाइन घातलेली. ९३ टक्के नमुने फ्लुकोनाझोलला दाद देत नव्हते, ३५ टक्के ॲम्फोटेरिसिनला, ७ टक्के एकायनोकॅन्डिन या गटातल्या औषधांनाही नाही. ५९ टक्के रुग्ण वाचले नाहीत.

त्या अभ्यासाने एक कोडं जगापुढे ठेवलं. एका प्रदेशातले नमुने एकमेकांशी जवळजवळ सारखे. पण दोन प्रदेशांतल्या नमुन्यांत हजारो जनुकीय फरक. म्हणजे ही बुरशी विमानात बसून एका देशातून सगळीकडे गेलेली नव्हती. दक्षिण आशिया, पूर्व आशिया, दक्षिण आफ्रिका आणि दक्षिण अमेरिका अशी चार घराणी एकमेकांपासून फार पूर्वी फुटली होती आणि चारही साधारण एकाच सुमारास रुग्णालयांत प्रकट झाली. मग त्याआधी ती कुठे होती? या प्रश्नासाठी जगभरातून २००४ ते २०१५ मध्ये जमवलेले पंधरा हजारांहून जास्त कॅन्डिडा नमुने चाळले गेले. ऑरिस निघाल्या फक्त चार, आणि त्यातली सगळ्यांत जुनी २००९ ची.

जून २०१६ मध्ये अमेरिकेच्या केंद्राने रुग्णालयांना सावधानतेचा इशारा दिला. तोवर लंडनच्या रॉयल ब्रॉम्प्टन रुग्णालयात ५० जणांपर्यंत ती पोहोचली होती. ऑक्सफर्डच्या एका मेंदूविकार आयसीयूत ७० रुग्णांना तिने गाठलं, आणि शोधाअंती दोषी ठरले ते काखेत लावण्याचे, पुन्हा पुन्हा वापरले जाणारे थर्मामीटर. तिथून बुरशीचा स्वभाव उमगला. ती माणसाच्या कातडीवर ठाण मांडते, विशेषतः काखेत आणि जांघेत, आणि माणसाला पत्ताही लागत नाही. खाटेच्या कठड्यावर, रक्तदाबाच्या पट्ट्यावर ती आठवडेच्या आठवडे जिवंत राहते. फरशी पुसण्याची नेहमीची अनेक जंतुनाशकं तिच्यावर चालत नाहीत, क्लोरीनची लागतात. कातडीवरून सलाइनच्या नळीवर, नळीवरून रक्तात. ज्याची प्रतिकारशक्ती शाबूत आहे तो तिला अंगावर वागवून घरी जाऊ शकतो. शेजारच्या खाटेवरच्या किमोच्या रुग्णाला ते भाग्य नसतं. दिल्लीत २०२० च्या एप्रिल ते जुलैत आयसीयूतल्या ५९६ कोविड रुग्णांपैकी १५ जणांच्या रक्तात कॅन्डिडा सापडली. त्यातल्या १० ऑरिस होत्या, आणि त्या दहांपैकी सहा जण गेले.

या सगळ्या गदारोळात पूर्व आशियाचं घराणं मात्र वेगळं वागत राहिलं. कोरियात १३ रुग्णालयांतले दोन दशकांहून जास्त काळातले ६१ नमुने तपासले गेले, तर त्यातले ५७ कानातलेच होते. एकूण नमुन्यांतले बरेच फ्लुकोनाझोलला जुमानत नव्हते, पण एकाच वेळी अनेक औषधगटांना न जुमानणारा एकही नव्हता. दिल्लीतल्या भावंडाने रक्ताची वाट धरली आणि सेऊलकडचं भावंड कानातच का राहिलं, यावर संशोधक अजून काम करत आहेत. कानाची नळी शरीराच्या गाभ्यापेक्षा थोडी थंड असते आणि तिथे कानातल्या मळाची चरबी भरपूर असते, हा एक धागा हाती आहे.

कानाने पुन्हा एकदा दार उघडलं ते इराणमध्ये. २०१८ मध्ये बाबोल शहरातल्या एका चौदा वर्षांच्या मुलीचा कान वाहू लागला. तिने देशाबाहेर कधी पाऊल टाकलेलं नव्हतं. कानात ऑरिस निघाली आणि तिचा जनुकसंच वाचला तर ती चारपैकी कुठल्याच घराण्यातली नव्हती. इतर घराण्यांपासून तिचं अंतर दोन लाखांहून जास्त जनुकीय फरकांचं होतं. पाचवं घराणं. एका शाळकरी मुलीच्या कानातला स्राव एखाद्या घाईत असलेल्या दवाखान्यात थेंब देऊन निकालात निघाला असता, तर हे घराणं अजून आपल्याला ठाऊकही नसतं.

निसर्गातलं तिचं घर शोधायला चौधरींचा गट समुद्राकडे वळला. २०२० च्या पहिल्या काही महिन्यांत अंदमानच्या किनाऱ्यांवरून वाळू, चिखल आणि समुद्राचं पाणी गोळा झालं; आठ ठिकाणांहून ४८ नमुने. दोन ठिकाणी ऑरिस सापडली. एक होता माणसांची वर्दळ असलेला समुद्रकिनारा. दुसरी होती माणसांचा वावर नसलेली खाऱ्या पाण्याची दलदल. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या निबंधातला सगळ्यांत मोलाचा नमुना त्या दलदलीतला. तो औषधांना दाद देत होता आणि शरीराच्या तापमानाला इतरांपेक्षा सावकाश वाढत होता. रुग्णालयात शिरण्याआधीची ऑरिस अशीच असेल का? अमेरिकेतले आर्टुरो कासाडेवाल यांनी २०१९ मध्ये मांडलं होतं, की वाढत्या उष्म्यात बुरशी हळूहळू जास्त तापमानाला सरावत आहेत आणि ऑरिस हे त्याचं पहिलं उदाहरण असू शकतं. दलदलीतला तो नमुना या तर्काशी जुळतो, पण तेवढ्याने तर्क सिद्ध होत नाही. किनाऱ्यावरची ऑरिस माणसांनीच आणली असण्याचीही शक्यता आहे. त्याच गटाने पुढे साठवणुकीतल्या सफरचंदांच्या सालीवर ती शोधून काढली, आणि २०२३ मध्ये दिल्लीतल्या ८७ कुत्र्यांच्या तपासणीत चौघांवर. त्यातल्या तिघांच्या कानात.

२०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने धोकादायक बुरशींची आपली पहिली यादी काढली आणि ऑरिसला सर्वांत वरच्या, अतिगंभीर गटात ठेवलं. प्रयोगशाळांच्या यंत्रांत आता तिचं नाव आहे. रेणूंच्या वजनावरून जंतू ओळखणारी नवी यंत्रं तिला काही मिनिटांत पकडतात. पण ही यंत्रं मोठ्या शहरांतल्या मोठ्या रुग्णालयांत आहेत. तालुक्याच्या ठिकाणी किमो घेऊन घरी आलेल्या माणसाचा कान वाहू लागला, तर आजही बहुतेकदा कल्चर होत नाही, आणि झालं तरी रिपोर्टवर ‘कॅन्डिडा’ एवढाच शब्द असतो. त्याच्या नातेवाइकाने ‘कोणती कॅन्डिडा?’ आणि ‘कोणतं औषध चालेल ते तपासलं का?’ हे दोन प्रश्न विचारले, तर ते उद्धटपणाचे नाहीत. डॉक्टरांना ते आवडोत न आवडोत, विचारावेत.

सिंगापूरमध्ये २०२३ मध्ये एका रुग्णाचा भरतीच्या वेळचा नेहमीचा तपासणी-स्वॅब पॉझिटिव्ह आला. त्याची ऑरिस पाचही घराण्यांशी जुळली नाही. मग जुन्या साठ्यातले नमुने पुन्हा वाचले गेले, आणि त्याच नव्या घराण्याच्या आणखी दोन बुरशी निघाल्या. त्या रुग्णांचा एकमेकांशी काहीही संबंध नव्हता. ते सहावं घराणं.